तुकड्याची कड म्हणजे नोंदीची कड नव्हे

प्रिय मित्रा,

तुझा हॅस्केलमधला कोड दोनदा वाचला. तो डेटा तुकड्यातुकड्याने घेतो आणि ॲटोपार्सेक या पार्सिंग लायब्ररीने त्यातून नोंदी वाचतो. छोट्या फाइलवर तो बरोबर चालतो. तोच मजकूर सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्कवरून, आला की एखादी रक्कम दुभंगते, आणि एरर मात्र येत नाही. त्यावर तू तुकडा ४०९६ बाइटांवरून ६५५३६ वर नेलास आणि चूक कमी झाली म्हणतोस. कमी नाही, विरळ झाली. आता ती सापडणं आणखी अवघड.

तुकडा कुठे तुटणार हे नेटवर्क आणि बफर ठरवतात. तुझ्या डेटाच्या अर्थाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तू प्रत्येक तुकड्यावर पार्सओन्ली हे फंक्शन चालवतोस. ते पार्शल, म्हणजे 'अजून इनपुट हवं' हे उत्तर, कधीच देत नाही. हातातला तुकडा संपला की इनपुटच संपलं असं धरतं. १२३४ पैकी १२ या तुकड्यात आणि ३४ पुढच्यात आले, तर डेसिमल हा संख्या वाचणारा पार्सर निमूट १२ देतो. दोन्ही आकडे वैध, मग एरर कुठून येणार?

ॲटोपार्सेकचं साधं पार्स वापर. पार्शल आलं तर त्याच कंटिन्युएशनला, म्हणजे थांबलेलं वाचन तिथूनच पुढे नेणाऱ्या फंक्शनला, पुढचा तुकडा दे. डन (नोंद पूर्ण) आलं तर नोंद पुढे पाठव आणि सोबत आलेले उरलेले बाइट जपून ठेव. पुढची नोंद तिथूनच सुरू होते. फेल आलं तर तिथेच थांब. एक खाचखळगा नीट ध्यानात घे: पार्शलला रिकामी बाइटस्ट्रिंग (शून्य बाइटांचा तुकडा) देणं म्हणजे इनपुट संपल्याचं सांगणं. म्हणून मधला रिकामा तुकडा गाळ, पण खऱ्या शेवटी ती दे, नाहीतर नवी ओळ नसलेली शेवटची नोंद अडकून पडेल.

एका पार्सरने एकच नोंद वाचायची. सगळ्या फाइलवर मेनी (तोच पार्सर पुन्हापुन्हा चालवणारं फंक्शन) लावलंस तर शेवटापर्यंत काहीच हाती येत नाही, आणि ॲटोपार्सेक मागे फिरता यावं म्हणून सुरुवातीपासूनचं इनपुट धरून बसतो. नोंदीतलं दहा बाइटांचं नाव बराच काळ ठेवणार असशील तर कॉपी कर. ते नाव म्हणजे मूळ बफरवरची नुसती खिडकी असते, तिच्यापायी मागचा अख्खा बफर मेमरीत अडकतो.

मजकुराचंही तेच. अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतलं 'म' तीन बाइटांचं आहे. कड त्याच्या मधोमध आली की तुकड्यागणिक डिकोड करणं फसतं. स्ट्रीमडिकोडयूटीएफ८ हे फंक्शन अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतं.

तुकड्यांचा प्रवाह हाताळणारी कॉन्ड्युइट लायब्ररी आधीच का सुचवली नाही, असं तू जरा रागानेच विचारलंस. तिचं सिंकपार्सर हे फंक्शन उरलेले बाइट स्वतःच परत ठेवतं, खरं आहे. पण काय परत ठेवलं जातंय हे ज्याने हाताने केलेलं नाही, तो पुन्हा तुकड्याच्या कडेवर विसंबतो. हा हट्ट मी पूर्वी पुरेसा धरला नाही, याची रुखरुख आहे. तुझ्या बाबतीत सोडणार नाही: तुकड्याची कड म्हणजे नोंदीची कड नव्हे.

आता २०० बाइटांचा नमुना घे. त्यात एक मोठी संख्या, काही देवनागरी शब्द आणि नवी ओळ नसलेली शेवटची नोंद असू दे. १९९ जागी एकेकदा तोडून दोन-दोन तुकडे दे, मग एकेक बाइट दे. दर वेळी नोंदी तंतोतंत त्याच यायला हव्यात. जिथे फरक पडेल ती जागा मला कळव.