ओव्हन इथंच घे, त्याच्या जागी बिडाचा तवा आण

निपाणीहून टोरोंटोला निघालीयस आणि सासूबाई म्हणतात लग्नात आलेला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घेऊनच जा, तर आणू का, असं विचारलंस. आणू नकोस गं. मी खानापूरहून येताना आणला होता. पिन बदलणारा अडॅप्टर लावला आणि पहिल्याच रविवारी नानकटाई ठेवली. तासाभरानं बघितलं तर तूप वितळून ट्रेभर पसरलेलं आणि पीठ कच्चं! सळ्या लालच होईनात.

आपल्याकडं वीज 230 व्होल्ट, इथं 120. व्होल्ट निम्मे झाले की उष्णता निम्मी नाही, जवळजवळ चौथाईवर येते. म्हणजे 1500 वॉटचा ओव्हन इथं 400 वॉटच देतो. अडॅप्टरनं फक्त पिन बदलते, व्होल्ट नाही. आणि व्होल्ट वाढवणारा, एवढ्या वॉटला पुरणारा ट्रान्सफॉर्मर इतका जड आणि महाग, की त्यापेक्षा नवा टोस्टर ओव्हन परवडतो.

घेताना किती स्लाइस मावतात हे बघत बसू नकोस. तुझा रोजचा केकचा डबा झाकणाशिवाय आत बसून वर चार बोटं जागा उरते का, ते बघ. जागा कमी असली की वरून करपतं आणि मध्ये कच्चं राहतं. पंख्याचा, म्हणजे कन्व्हेक्शनचा घे. खालचा चुऱ्याचा ट्रे पुढून ओढून काढता यायला हवा, नाहीतर सांडलेलं तूप तिथंच जळत राहतं आणि धुराचा अलार्म कोकलतो. आणल्यावर एकदा खिडकी उघडून पाव तास रिकामाच तापव, पहिला वास निघून जातो. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह एका लाइनीवर एकदम लावू नकोस, ब्रेकर पडतो.

आकडे बहुतेक फॅरनहाइटमध्ये असतात. 350 म्हणजे आपले साधारण 177, 400 म्हणजे 204. घरची 180 ची कृती 350 वर निवांत कर.

मला तो सगळ्यात जास्त कामाला येतो तो वांग्यासाठी. फ्लॅटमध्ये बहुधा विजेची शेगडी असते, जाळच नाही. वांग्याला सुरीनं टोचे मारायचे (विसरलीस तर फुटतं), तेलाचा हात लावायचा, 425 वर ठेवायचं आणि मध्ये एकदा उलटायचं. पाऊण तासात साल सुटते, देठाजवळ बोट दाबलं की आत जातं. जाळावरचा वास मात्र येत नाही, खरं सांगते. शेंगदाणे 350 वर दहा-बारा मिनिटं, दोनदा हलवून. शेवटची दोन मिनिटं तिथून हलू नकोस. चटणीला असे एकसारखे भाजलेले दाणे मला तव्यावर कधी जमले नाहीत.

भाकरी मात्र त्यात करायला जाऊ नकोस, वाळून पापड होतो. ओटीजीची जागा वाचली ना, त्यात बिडाचा तवा आण. घरची चटणी, मसालाही आण, पण कस्टमला सगळं खाणं नोंदव. कुंदा ही दुधाची मिठाई, तिचे नियम आधी बघून घे. आणि ओटीजी सासूबाईंकडंच ठेव, गणपतीत त्यांनाच उपयोगी पडेल.