शाखा बदलण्याआधी डॉक्टरांकडे चला

देवगड तालुक्यातून पत्र पाठवणाऱ्या पालकांस,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपला मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत, गणपतीला घरी आला तो अजून परत गेलेला नाही, पहाटे चारपर्यंत जागा असतो आणि दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहतो, असे आपण कळवले आहे. त्याला इंजिनिअरिंग सोडायला लावून दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्येला घालावे, की समजूत काढून पुण्याला परत पाठवावे, असा आपला प्रश्न आहे. मला मात्र आपल्या पत्रातील दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दरवर्षी भजनाआधी पखवाजाला कणीक लावायला ओटीवर तोच बसायचा. यंदा भजनी मंडळी दारात आली, तेव्हा तो माजघरात भिंतीकडे तोंड करून निजून राहिला.

नुसता अभ्यासाचा कंटाळा आलेला मुलगा पखवाज सहसा सोडत नाही, उलट अभ्यास टाळून तिकडे धाव घेतो. ज्यात जीव रमत होता त्यातूनही मन उडणे, झोप आणि भूक बिघडणे, कशातच लक्ष न लागणे, आपण कुणाच्याच कामाचे नाही असे वाटत राहणे, ही लक्षणे दोन आठवडे सतत टिकली तर नैराश्याची शंका घ्यावी लागते. आपल्या घरी ती महिनाभर टिकली आहेत. निदान करणे माझे काम नाही, ते डॉक्टरांचे आहे. परंतु करिअरचा सल्लागार म्हणून एक गोष्ट मी ठामपणे सांगतो, की शाखा, कॉलेज किंवा बागायत यांपैकी कोणताही कायमचा निर्णय आत्ता घेऊ नका. मन आजारी असताना माणसाला प्रत्येक वाट बंद दिसते, आणि अशा वेळी सोडलेल्या शिक्षणाबद्दल बरे झाल्यावर हळहळणारी मुले मी पाहिली आहेत.

त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात ते कोणत्या वारी असतात याची आधी चौकशी करा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे; त्या नावाची आपल्याकडे अजून धास्ती वाटते, परंतु तेथे तपासून घ्यायला जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. निघायला उशीर लागणार असेल तर 14416 या क्रमांकावर फोन करावा. फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी ही केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, ती मोफत आहे, दिवसरात्र मिळते आणि मराठीतून बोलता येते. डॉक्टर कदाचित रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासायला सांगतील, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो. औषध सुरू झाले तर गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही अधिक. नैराश्यावरच्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, मात्र बरे वाटू लागले म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मुलगा 19 वर्षांचा, म्हणजे सज्ञान आहे. त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या आणि बाहेर आल्यावर काय विचारले, काय सांगितले अशी उलटतपासणी करू नका. ही माहिती गोपनीय राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला दिलेला आहे.

आता एक अवघड गोष्ट लिहितो. त्याच्याजवळ शांतपणे बसून, ‘जगणे नको असे तुझ्या मनात येते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारणारे कुणी आहे, एवढ्यानेही मुलांचा जीव हलका होतो. उत्तर ‘हो’ आले तर रागावू नका, शपथा घालू नका, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उत्तर काहीही येवो, आंब्याच्या फवारणीची औषधे मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, उघडी राहत असतील तर ती आजच कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ बाळगा. बागायतदाराच्या घरात ही काळजी घ्यावीच लागते.

देवाला गाऱ्हाणे घालावे, कौल लावावा, असे शेजारी सांगतात, हेही आपण लिहिले आहे. गाऱ्हाणे जरूर घाला, आपल्या मनाला त्याचा आधार असेल. त्यासाठी डॉक्टरांकडे जायचा दिवस मात्र पुढे ढकलू नका, आणि मुलाला बाधा झाली आहे असे त्याच्या कानावर पडू देऊ नका.

शिक्षणाचे म्हणाल, तर कॉलेजला आत्ताच लेखी कळवा. हजेरीची अट बहुतेक ठिकाणी 75 टक्के असते. आजारपणाचे प्रमाणपत्र वेळेत दिले तर सवलतीचा विचार होऊ शकतो, सत्र संपल्यावर दिलेल्या कागदाला फारसे वजन राहत नाही. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, सत्र सोडल्यास पुन्हा प्रवेश कसा मिळतो आणि राहिलेल्या विषयांचे काय होते, हे तिन्ही प्रश्न विद्यार्थी विभागाला विचारून उत्तर लेखी घ्या. कॉलेजात समुपदेशक आहे का, हेही विचारा. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. एक सत्र गेले तर सहा महिने जातील. नोकरीच्या मुलाखतीत त्याचे कारण दोन वाक्यांत सांगता येते. दापोलीचा विचार वाईट नाही, परंतु ती पदवीही चार वर्षांची आहे आणि प्रवेशासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावेच लागेल. म्हणजे आज घाई करून काहीच हाती लागणार नाही.

घरी त्याला सकाळी ठरल्या वेळी उठवा, ऊन चढण्याआधी कलमांतून एक फेरी मारायला सोबत न्या आणि त्या फेरीत परीक्षेचा विषय काढू नका. कर्जाचा आकडा तो जेवायला बसला असताना उच्चारू नका. तो त्याला पाठ आहे, हे आपणच पत्रात लिहिले आहे. त्याच्या आईच्या झोपेकडेही लक्ष असू द्या.

डॉक्टरांची दुसरी भेट झाली, की मला पुन्हा लिहा, आणि त्याची इच्छा असेल तर दोन ओळी त्याच्या हातच्या असू द्या. दहावीपासूनच्या गुणपत्रिकांच्या प्रती सोबत जोडा. शाखेबद्दल मी तेव्हा त्याच्याशीच बोलेन.

आपला,
करिअर मार्गदर्शक