आईला पहिल्या टप्प्यातील गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी की पोट उघडून?

पोट उघडूनच करा. आईंची गाठ लहान आहे आणि डॉक्टर दुर्बिणीचा आग्रह धरत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. आमच्या घरी थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

रत्नागिरीहून त्यांना शहरात दाखवायला नेले, तेव्हा छेद छोटा, रक्तस्राव कमी आणि घरी लवकर, असे सांगून दुर्बीण सुचविण्यात आली आणि मुंबईच्या भावोजींना ती लगेच पटली. मी मात्र २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अभ्यास वाचला होता. त्यात ६३१ स्त्रियांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत केली होती. साडेचार वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, तर दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्या गटात ८६ टक्के निघाले, आणि मृत्यूही दुसऱ्याच गटात अधिक झाले. गर्भाशय हलविण्यासाठी खालून घातलेले उपकरण गाठीवर दाबते, शिवाय पोटात वायू भरलेला असताना योनीचा भाग आतल्या आत कापला जातो, त्यामुळे पेशी पसरत असाव्यात, असा तज्ज्ञांचा कयास आहे. संमतीपत्रावर सही होण्यापूर्वी हे आकडे मी सर्जनांसमोर ठेवले आणि ते पोट उघडून करण्यास तयार झाले.

त्रास झाला, हे खरे. खोकला आला की जाऊबाई पोटाशी उशी घट्ट धरत आणि एका हातात लघवीची पिशवी घेऊन अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्या एकेक करून उतरत. भावोजी फोनवर मला ऐकवीत की, शेजारणीची गर्भाशयाची पिशवी दुर्बिणीतून काढली, ती केव्हाच कामाला लागली. त्या शेजारणीला फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी होत्या, कर्करोग नव्हता. हे मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगातही दुर्बीण चालते, पण तो आजार निराळा. चार दिवस लवकर घरी येण्यासाठी आजार उलटण्याचा धोका वाढवून घेणे मला मुळीच मान्य नाही.

खर्च रुग्णालयागणिक बदलतो, तो तिथेच विचारा. मी डॉक्टर नाही, म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत अवश्य घ्या. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतची आणि कमी जोखमीची असेल, तर आजूबाजूचा भाग न काढता केवळ गर्भाशय काढणे पुरते का, हेही विचारा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा स्त्रियांमध्ये ओटीपोटात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही आणि लघवीच्या तक्रारीही कमी राहिल्या.