स्टीफन पळतो कशापासून?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी अमेरिकन लेखिका डी हेंडरसन यांच्या ओमॅली या कादंबरी-मालिकेचं नाव घेतलं होतं. तेवढ्या एका उल्लेखावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांनी मालिकेच्या शेवटच्या भागाबद्दल, ‘द रेस्क्युअर’बद्दल लिहिलं आहे, आणि निम्म्याहून अधिक पत्रांत नाराजी आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या एकाच कादंबरीला दिलं आहे.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या ख्रिस्ती वळणाच्या प्रेमकथा आहेत, पण प्रत्येकीत एक गुन्हा आणि जिवावरचं संकट आहे. अनाथाश्रमात वाढलेली सात मुलं एकमेकांनाच भावंडं मानतात आणि सगळी ओमॅली हे एकच आडनाव लावतात. मार्कस यू.एस. मार्शल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी आहे. केट ओलीस सोडवण्यासाठी गुन्हेगारांशी बोलणी करते, लिसा न्यायवैद्यक तज्ज्ञ आहे, जॅक अग्निशमन दलात आहे, रेचेल आपत्तीतून वाचलेल्यांना सावरते, जेनिफर लहान मुलांची डॉक्टर आणि स्टीफन पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेतून येऊन जागेवर उपचार करणारा. मालिकेच्या सुरुवातीलाच जेनिफरला कॅन्सर झाल्याचं कळतं. शेवटच्या भागात ती नाही, आणि स्टीफन सगळं सोडून निघाला आहे. पुढच्या उत्तरांत कथानक उघड होणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी कादंबरी वाचून झाल्यावरच या पानाकडे परत यावं.

प्रश्न: आधीच्या भागांत न्यायाधीशाचा खून आहे, विमानातला बॉम्ब आहे, आगी लावून माणसं मारणारा खुनी आहे. आणि शेवटच्या भागात काय, तर चोरीचे दागिने! मालिका दमली असं मला वाटलं. तुम्हाला नाही वाटलं?

वाटलं. दागिन्यांचं रहस्य फिकं आहे आणि त्याची वकिली मी करणार नाही. ‘द गार्डियन’मध्ये साक्षीदार मुलीच्या मागे लागलेला खुनी आठवला की अजूनही माझा श्वास अडकतो. इथे तसं एकदाही झालं नाही.

पण ‘दमली’ हा शब्द तुम्ही मालिकेसाठी वापरलात, मला तो स्टीफनसाठी योग्य वाटतो. मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत. रुग्णवाहिकेतून पेशंट घेऊन येणारी मुलं मी रोज पाहायची. ती स्ट्रेचर आत ढकलतात, चार वाक्यांत हँडओव्हर देतात: वय, काय झालं, किती वेळ झाला, वाटेत काय दिलं. मग सही करून निघून जातात, कारण पुढचा कॉल आलेला असतो. त्या पेशंटचं पुढे काय झालं हे त्यांना बहुतेकदा कळत नाही. डॉक्टरला कळतं, वॉर्डातल्या सिस्टरला कळतं, त्यांना नाही. एक मुलगा होता, फार बोलका. दोन-अडीच वर्षांत तो हळूहळू गप्प होत गेला. एका रात्री हँडओव्हर देताना तो वय सांगायला विसरला आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. मी पाणी दिलं. प्यायला, आणि म्हणाला, “सिस्टर, मागच्या मंगळवारची ती मुलगी वाचली का?” ती वाचली नव्हती. मला खोटं बोलता आलं नाही.

स्टीफनला मी त्या मुलाच्या चेहऱ्यानेच वाचलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ओढून काढणारा माणूस, आणि घरात मात्र धाकटी बहीण त्याच्या डोळ्यांसमोर हातातून जाते. तिथे ना स्ट्रेचर उपयोगी, ना हँडओव्हर. तो पळाला नसता तरच मला नवल वाटलं असतं. दागिन्यांचं प्रकरण लेखिकेने एवढ्यासाठीच आणलं असावं की नायिका मेगन संकटात सापडावी, आणि ज्या कामापासून स्टीफन पळाला तेच त्याला पुन्हा करावं लागावं. हेतू चांगला होता, धागा बारीक पडला. तुमची तक्रार मला तेवढीच मान्य आहे.

प्रश्न: जेनिफर बरी होईल या आशेवर मी सगळे भाग वाचले. सगळी भावंडं तिच्यासाठी तळमळतात, प्रार्थना करतात, आणि ती जाते. मग या पुस्तकांनी श्रद्धेबद्दल सांगितलं तरी काय? मला फसवल्यासारखं वाटलं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून ठेवावा लागला, कारण माझी बहीण गेली त्या वर्षी मी हेच वाक्य मनात म्हणत होते. फसवलं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय तुमच्याकडे असेल तर काढा. लाजर आजारी पडतो, त्याच्या बहिणी येशूला निरोप पाठवतात, आणि तो वेळेवर येत नाही. तो पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आधी मार्था सामोरी येते आणि म्हणते की आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते, तीही अगदी हेच म्हणते. दोघी बहिणींनी ते वाक्य त्या चार दिवसांत किती वेळा एकमेकींना ऐकवलं असेल! त्या बोलल्याबद्दल येशू त्यांना रागावत नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडतो. काही वेळातच आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असून रडतो. नर्सिंगच्या नोकरीत मला कुणी विचारलं असतं की नातेवाइकांशी कसं वागावं, तर मी हाच अध्याय दाखवला असता.

आता मालिकेकडे या. लेखिकेने जेनिफरला चमत्काराने बरं केलं असतं तर मी पुस्तक मिटून परत कधी उघडलं नसतं. ज्यांच्या घरातलं माणूस बरं झालं नाही, त्यांच्यासाठी मग त्या पुस्तकात जागाच उरली नसती. तिने मरण आहे तसं ठेवलं. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का पाहा. जेनिफर जाण्याच्या कितीतरी आधी, ‘द ट्रुथ सीकर’मध्ये, लिसाचा प्रश्न येतो. लिसा मृतदेहांबरोबर काम करणारी बाई. मेलेलं शरीर म्हणजे काय हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आणि अडते तीच नेमकी पुनरुत्थानाशी: मेलेला माणूस उठला यावर मी कसा विश्वास ठेवू? हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडी घातला असता तर हलका झाला असता. सगळं घर बहिणीच्या मरणाकडे चाललेलं असताना तो तिच्याच वाट्याला दिला आहे. तुम्ही विचारता, श्रद्धेबद्दल सांगितलं काय? मला वाटतं त्याचं उत्तर शेवटच्या भागात नाहीच, ते तिसऱ्या भागात देऊन ठेवलं आहे. शेवटच्या भागाने फक्त विचारलं आहे: ते उत्तर ठाऊक असूनही रिकाम्या खुर्चीसमोर बसता येतं का?

स्टीफनला ते येत नाही, निदान लगेच नाही. देव नाही असं तो म्हणत नाही. त्याला त्या देवावर भरवसा ठेवायचा नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि दुसरीबद्दल लिहिणं कितीतरी अवघड. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पाहा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही, ते अंधाराच्या उल्लेखावरच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. बहिणीच्या आजारपणात मी रोज रात्री तेच वाचायची. दुसरं काही तोंडातून निघतच नव्हतं.

म्हणून तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तो राग घेऊनच शेवटचा भाग पुन्हा एकदा वाचा, स्टीफन तुमच्याच बाजूचा आहे.

प्रश्न: थेट शेवटचा भाग वाचला तर चालेल का? माझ्याकडे तेवढाच आहे.

नका वाचू. जेनिफर तुम्हाला भेटलेलीच नसेल, तर ती नसण्याचं दुःख कुठून येणार? क्रम असा: ‘द निगोशिएटर’ (२०००), मग ‘द गार्डियन’, ‘द ट्रुथ सीकर’ आणि ‘द प्रोटेक्टर’ हे तिन्ही २००१चे, ‘द हीलर’ (२००२) आणि शेवटी ‘द रेस्क्युअर’ (२००३). या सगळ्यांच्या आधी, १९९९मध्ये, ‘डेंजर इन द शॅडोज’ आलं होतं. ते नंतर वाचलं तरी बिघडत नाही.

प्रश्न: या प्रकारच्या कादंबऱ्यांत शेवटी नायक ख्रिस्ती विश्वासात येणार आणि लग्न होणार हे ठरलेलंच असतं. मग उत्कंठा ती कसली? स्टीफनचा बदलही मला घाईचा वाटला.

ठरलेलं असतं हे खरं. त्यामागे बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात केलेली सूचना आहे, की विश्वास न ठेवणाऱ्याशी स्वतःला विजोडपणे जुंपून घेऊ नका. अमेरिकेतले ख्रिस्ती प्रकाशक आणि त्यांचे वाचक ती मनापासून पाळतात, त्यामुळे एक विश्वास ठेवणारा आणि एक न ठेवणारा अशी जोडी लग्नापर्यंत पोचूच शकत नाही. शिवीगाळ नाही, शयनगृहाचं दार बंद, हेही त्यातच आलं. अशा कादंबऱ्यांचा तिथला वाचकवर्ग मोठा आहे. जॅनेट ओक यांच्या १९७९च्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’पासून तो वाढत गेला आणि २००० सालापासून ख्रिस्ती कादंबऱ्यांना ख्रिस्टी पुरस्कारही दिले जातात. ओमॅली भावंडं नेमकी त्याच सुमाराची.

पण शेवट माहीत असणं हा उत्कंठेचा शत्रू आहे, हे मला पटत नाही. बायबलमधल्या योनाला देव निनवेला जायला सांगतो आणि तो उलट तार्शीशला पळायला निघतो, तेव्हाच आपल्याला कळलेलं असतं की तो निनवेला पोचणार. तरी जहाज, वादळ, मासा हे सगळं आपण जीव मुठीत धरून ऐकतो. पळणारा माणूस कुठे पोचेल यापेक्षा त्याला कोण थांबवेल हे पाहायचं असतं. इथे थांबवते ती मेगन. ती नर्स आहे आणि तिची दृष्टी गेलेली आहे. मी त्या पेशातली असल्यामुळे असेल, पण तिच्याबद्दल वाचताना मी सारखी थांबत होते. नर्सचं अर्धं काम डोळ्यांनी चालतं: ओठांचा रंग, श्वासाबरोबर वरखाली होणारी छाती, सलाईनचा थेंब. ते गेल्यावर हातांनी आणि कानांनी किती ओळखता येईल, याचा मी पुस्तक बाजूला ठेवून विचार केला. स्टीफनला सवय आहे वाचवण्याची. मेगनला वाचवायला जावं तर तिला तसं काही नकोच आहे, तिने आपलं आयुष्य उभं केलेलं आहे. एका बचावकर्त्यासाठी यापेक्षा अवघड बाई नाही. मला सगळ्या मालिकेत ही जोडी सर्वांत आवडली, पहिल्या भागातल्या केट आणि तिचा प्रियकर डेव्ह यांच्याहूनही.

घाईबद्दल मात्र मी तुमच्याच मताची आहे. इतकी पुस्तकं बाहेर उभा राहिलेला माणूस आत येतो, तेव्हा उंबरठ्यावर त्याला आणखी थोडं थांबू द्यायला हवं होतं. मला वीस पानं जास्त हवी होती, आणि त्यासाठी दागिन्यांची वीस पानं मी आनंदाने सोडली असती.

प्रश्न: जेनिफरवरचं वेगळं पुस्तक कधी वाचावं?

ती छोटी कादंबरी २०१३ची आहे, जेनिफर आणि टॉम यांच्या प्रेमाची. कथेतला काळ मालिकेच्या आधीचा आहे, तरी ती शेवटीच वाचा. काय होणार हे माहीत असताना तिला हसताना पाहणं जड जातं, पण मला ते हवं होतं.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीचा भाऊ दोन आठवड्यांपूर्वी गेला. ‘द रेस्क्युअर’ भावंडाच्या दुःखावर आहे म्हणून तिला भेट द्यावं असं मनात आहे. देऊ का?

आत्ता नको. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली, आणि त्याचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक शब्दही न बोलता. त्यांच्या चुका नंतर सुरू झाल्या, बोलायला लागल्यावर. तुम्ही सध्या नुसत्या जा. तिच्या घरी जी कामं पडली असतील ती करा, आणि ती भावाबद्दल बोलू लागली तर विषय बदलू नका. त्याचं नाव तुम्हीही घ्या, लोक नाव घ्यायचंच टाळतात.

माझ्या बहिणीनंतर मला एका मैत्रिणीने चौथ्या दिवशी एक पुस्तक आणून दिलं होतं. ते मी आजतागायत उघडलेलं नाही. दुसरीने आठ महिन्यांनी विचारलं, “काही वाचावंसं वाटतंय का गं?” मी हो म्हटलं. तिने या मालिकेचा पहिला भाग आणून दिला, आणि दर वेळी एक भाग संपला की पुढचा. ‘द रेस्क्युअर’ हातात येईपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं. तुमच्या मैत्रिणीलाही तेवढा वेळ द्या, आणि सुरुवात ‘द निगोशिएटर’पासून करा.