कथा-कादंबऱ्यांसोबत अभ्यासपूर्ण पुस्तकंही वाचायची असतील, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: कादंबऱ्या रात्रभर जागून वाचून होतात, पण अभ्यासग्रंथ हातात घेतला की पन्नासेक पानांत सुटतो. कुतूहल तर सगळ्याच विषयांचं आहे, मग दोन्हींची सरमिसळ करून काय वाचावं?

माझं उत्तर असं, की पुस्तकं प्रकारानुसार निवडूच नका, प्रश्नानुसार निवडा. आधी कादंबरी वाचायची. तिनं मनात एखादा प्रश्न पेरला की त्याच प्रश्नावर कुणा अभ्यासकानं आयुष्य घालवलंय का, ते शोधायचं. अभ्यासग्रंथ सुटतो तो बहुतेक वेळा जड असतो म्हणून नव्हे. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देत असतो तो प्रश्न आपल्याला अजून पडलेलाच नसतो, म्हणून सुटतो. कादंबरी तो प्रश्न पाडते. मी बरीच वर्षं असंच वाचत आलो आहे, आणि मराठीत अशा जोड्या इतक्या आहेत की एका उत्तरात मावणार नाहीत. मला सगळ्यात जवळच्या वाटतात तेवढ्या सांगतो.

पहिली जोडी बहुतेकांच्या घरात अर्धी असतेच. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून कथा सांगतात, आणि वाचणारा कर्णाचा होऊन जातो. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. त्यातही कर्णावर प्रकरण आहे, पण बाई वकिली करत नाहीत. ‘मी कोण?’ या प्रश्नात जन्मभर अडकलेला माणूस म्हणून त्या त्याच्याकडे पाहतात. घोषयात्रेत, म्हणजे कौरव आपली गुरं पाहायला वनात गेले तेव्हा, गंधर्वांपुढे आणि विराटाच्या गाईंच्या वेळी अर्जुनापुढे कर्ण टिकला नव्हता, हे कादंबरीच्या भरात आपण विसरलेलो असतो. ‘युगान्त’ वाचताना ते पुन्हा समोर येतं. मानववंशशास्त्र शिकलेल्या, नातेसंबंधांच्या रचनेवर मोठं काम केलेल्या बाईंनी महाभारताला घातलेला हा हात आहे. त्यांच्या लेखी त्यातली माणसं म्हणजे एका विशिष्ट समाजाच्या नियमांत जगणारी माणसं.

इथून एक तिसरं दार उघडतं. कर्वेबाईंनी आधार धरला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेनं काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठाचा. हे काम १९१९ला सुरू झालं आणि १९६६ला पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं जमवली गेली, आणि काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथीपासून केरळच्या मल्याळम लिपीतल्या पोथीपर्यंत श्लोकाशी श्लोक ताडून पाहिला गेला. विष्णु सीताराम सुखटणकरांनी या कामाला शिस्त लावली. एकमेकांपासून इतक्या दूरच्या परंपरांमध्ये जो पाठ जुळतो तो जुना असण्याची शक्यता जास्त, हे त्यामागचं साधं आणि भक्कम तत्त्व. या कसोटीला स्वयंवरातला एक प्रसिद्ध प्रसंग उतरला नाही. ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्य मुख्य पाठातून बाहेर पडलं आणि तळटीपांत गेलं. कर्णाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान म्हणून आपण जो धरून बसलेलो असतो, तो नंतरच्या कुणीतरी घातलेला असावा! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ‘मृत्युंजय’ आवडेनासं झालं नाही. उलट आपणही त्याच जुन्या कामात सामील आहोत असं वाटलं. शेकडो वर्षं लोक कर्णाच्या बाजूनं या कथेत भर घालत आलेत, सावंत त्यांतले अलीकडचे. दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ (१९६२) याच्याच शेजारी ठेवा. ते या दोन्हींपेक्षा वेगळ्या स्वरातलं आहे, कवीच्या मनानं केलेलं चिंतन.

दुसरी जोडी खरं तर जोडी नाही, वाटच आहे, आणि माझी सगळ्यात आवडती. सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’नं करा. १९५५चं छोटंसं पुस्तक, दोन बैठकांत होईल. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला येतो. कारभारी, काकुबा, आनंदा रामोशी, अंजी अशी माणसं भेटतात, तालीम बांधली जाते, औंधचे राजेसाहेब येऊन जातात. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरायला लागतात आणि वाडी उठून जगायला बाहेर पडते. माडगूळकर कशाचंच स्पष्टीकरण देत नाहीत. पुस्तक मिटल्यावर मात्र प्रश्न उरतो: ही माणसं कोण, कुठून कुठे जात आली, त्यांचे देव कोणते?

यावर गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं कित्येक वर्षं महाराष्ट्रात फिरून काम केलं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचं त्यांचं पुस्तक १९७६ला जर्मनमध्ये आणि १९८९ला अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या भाषांतरातून इंग्रजीत आलं. त्यांचा मुख्य पुरावा धनगरांच्या ओव्या. देव रानात कसा आला, कुणाच्या मेंढरांमागून आला, गावात ठाणं मांडून बसायला त्याला कुणाशी भांडावं लागलं, हे त्या ओव्या सांगतात. जेजुरीच्या खंडोबाची एक बायको म्हाळसा वाण्याची आणि दुसरी बाणाई धनगराची, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि सोडून देतो. सोंथायमर सोडून देत नाहीत. पेठेतला वाणी आणि रानातला धनगर यांना एका देवाभोवती बांधणारी ही गाठ आहे, हे ते उलगडून दाखवतात.

आणि मग रा. चिं. ढेरे. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ला प्रसिद्ध झालं, १९८७ला त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ढेऱ्यांची मांडणी अशी: संतांनी ज्याला विष्णू-कृष्ण म्हणून उराशी धरलं, तो पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल आणि बिरदेव (म्हणजे बिरोबा) एकाच देवळात नांदतात, तिथल्या जत्रेत भंडाऱ्यानं आभाळ पिवळं होतं. अशा जोडदेवांचा माग काढत ढेरे थेट तिरुपतीच्या व्यंकटेशापर्यंत जातात. पुराणं, स्थळमाहात्म्यं, शिलालेख, लोकगीतं, मूर्तींची लक्षणं सगळं एकत्र मांडतात. विठ्ठलाची मूळ मूर्ती सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याची असावी, या त्यांच्या मतावरून मोठा वाद झाला. तुम्हाला ते पटलंच पाहिजे असं नाही. मला स्वतःला त्या प्रकरणापेक्षा धनगरांकडून येणारा धागा जास्त भक्कम वाटतो. पण पुरावा जमवायचा कसा, तो तोलायचा कसा आणि इतकं करूनही देवावरची माया कमी होऊ द्यायची नाही ती कशी, हे या पुस्तकात शिकायला मिळतं. भक्ती आणि चिकित्सा एकाच माणसात इतक्या सुखानं राहिलेली मी दुसरीकडे फार पाहिली नाही.

याच वाटेवर दामोदर धर्मानंद कोसंबी भेटतात. गोव्यात जन्मलेला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करणारा हा माणूस पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवायचा. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये त्यांनी दाखवलं, की रानातली, वाटांच्या तिठ्यांवरची देवीची ठाणी आणि अश्मयुगीन माणसांची नखाएवढी गारेची हत्यारं पुष्कळदा एकाच जागी सापडतात. म्हणजे आपण ज्याला आडवाटेवरचं देऊळ म्हणतो, ते कधीकाळी गुरं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांच्या हमरस्त्यावर होतं. हे वाचल्यापासून मला घाटातला शेंदूर लावलेला एकही दगड नुसता दगड वाटत नाही. शेवटी कर्वेबाईंचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख वाचा, ‘परिपूर्ती’त आहे. दिंडीत चालताना त्यांना महाराष्ट्राची व्याख्या सुचली: जिथली माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र. त्याच दिंडीत जातवार वेगळ्या बसणाऱ्या पंगतीही त्यांना सलल्या, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. लेख पंधरा-वीस मिनिटांत होतो, पण आधीची चार पुस्तकं वाचून मग वाचला तर त्याचं वजन वेगळंच जाणवतं.

इतिहासाची ओढ असेल तर पानिपत. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) आधी वाचा. त्या छावणीतली उपासमार, थंडी, यात्रेकरू आणि बायकापोरांचं लटांबर हे सगळं अंगावर येतं. लगेच त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ घ्या. भावनेच्या जागी इथे तारखा, अंतरं आणि पत्रं येतात. ऑक्टोबर १७६०मध्ये मराठे कुंजपुऱ्याचा विजय साजरा करत असताना अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या दक्षिणेला आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. पुढचे अडीच महिने या एका हालचालीतून कसे निघाले हे समजलं, की १४ जानेवारीचा दिवस नियतीचा खेळ वाटत नाही. अजून पुढे जायचं तर वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८चा पहिला खंड. त्यात १७५० ते १७६१ची अस्सल पत्रंच आहेत. भाषा पहिल्यांदा अडखळवते, पण वीसेक पत्रांनंतर कान तयार होतो. ‘भाऊसाहेबांची बखर’ही जरूर वाचा. ती ना कादंबरी ना इतिहास, पण तिच्यातलं मराठी गद्य ऐकण्यासारखं आहे. मोठ्यानं वाचलीत तर जास्त मजा येईल.

निसर्गाचं कुतूहल असणाऱ्यांना मी पुन्हा माडगूळकरांकडेच पाठवतो. ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीची कादंबरी, १९८३चा अकादमी पुरस्कार तिलाच. टोळीवरची सत्ता बदलते तेव्हा काय काय घडतं हे त्यात पाहिलंत, की सारा ब्लॅफर हर्डी यांचं ‘द लंगूर्स ऑफ अबू’ (१९७७) शोधा. नवा नर टोळी ताब्यात घेतल्यावर तान्ही पिल्लं मारतो, हे धारवाडजवळ जपानी अभ्यासक सुगियामा यांनी साठच्या दशकात नोंदवलं होतं. दाटीमुळे बिघडलेलं वागणं, असं त्यावर बऱ्याच जणांचं मत होतं. हर्डींनी वेगळं कारण मांडलं: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला आपली संतती वाढवायला वेळ मिळतो. त्यावर खूप भांडणं झाली. शास्त्रातली भांडणं किती चुरशीची असतात ते पाहायला हे उत्तम उदाहरण.

आनंदीबाई जोशींसाठी श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ आणि तिच्या जोडीला अंजली कीर्तने यांचं संशोधनपर चरित्र. विज्ञानकथांसाठी जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ आणि त्यांचंच ‘आकाशाशी जडले नाते’. या दोन्हींबद्दल जास्त सांगत नाही, पुस्तकं सहज मिळतात.

पण एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यानं ही जोडी एकट्यानंच तयार केली. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर काम केलं, परत येऊन ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड काढले, आणि कादंबऱ्याही लिहिल्या. ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) वाचाच. जातीबाहेरच्या संबंधातून आलेल्या मुलीला समाजात जागा कोणती, हा समाजशास्त्रज्ञाचा प्रश्न त्यांनी कालिंदी नावाच्या माणसात उतरवला. त्यांची भाषा ओबडधोबड आहे अशी तक्रार तेव्हापासून होते, आणि ती खरीही आहे. तरी इतके थेट प्रश्न विचारणारी त्या काळातली दुसरी कादंबरी मला माहीत नाही. नव्वद वर्षांहून जुनी असूनही तिच्यातले वाद आज घराघरांत चालू आहेत.

आता वाचायच्या रीतीबद्दल थोडं. अभ्यासग्रंथ पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही. शेवटची सूची उघडा, तुमच्या कादंबरीतलं गाव किंवा माणूस शोधा, तेवढीच पानं वाचा. ढेऱ्यांचं पुस्तक मी असंच वाचलं, आधी पट्टणकोडोली आणि मग बाकीचं. तळटीपा टाळू नका, पुढचं पुस्तक बहुधा तिथेच सापडतं. एखादं प्रकरण डोक्यावरून गेलं तर खुशाल सोडा. पैशांचीही अडचण नाही: ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, आणि राजवाड्यांचे जुने खंडही स्कॅन करून ठेवलेले सापडतात. सोंथायमर आणि हर्डी विकत घ्यायला महाग पडतात, त्यांच्यासाठी विद्यापीठाचं किंवा एखाद्या जुन्या महाविद्यालयाचं ग्रंथालय गाठा. ‘बनगरवाडी’ मात्र विकत घ्या, ती परत परत लागते.