जमिनीवरचे महिने

प्रिय मित्रा,

तुझा विमान कंपनीचा आराखडा वाचला. लातूर–मुंबई, नांदेड–पुणे, दोन एटीआर 72 विमानं, तिकिटांचे दर, शेपटीवरच्या रंगापर्यंत सगळं आहे. विचारलंयस, आधी विमान ठरवू की गुंतवणूकदार? दोन्ही नको. आधी जमिनीवरचे महिने मोज, म्हणजे पहिलं उड्डाण होईपर्यंतचे. त्यांना तुझ्या आराखड्यात एक ओळही नाही.

विमानाचं भाडं पहिल्या तिकिटापासून सुरू होत नाही, ताबा घेतलास त्या दिवसापासून सुरू होतं. विमान उडो वा न उडो, भाडं द्यायचंच, असं करारात स्वच्छ लिहिलेलं असतं. आणि उभं विमानही खातं. वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर लाल झाकणं घालायची, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर करते आणि वेगाचा आकडा चुकतो. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून चाकं फिरवायची, बॅटऱ्या सांभाळायच्या, इंजिनं ठरल्या मुदतीत चालवायची. प्रत्येक कामाची नोंद, नोंदीवर परवानाधारक इंजिनिअरची सही, आणि त्या इंजिनिअरचा पगार.

मग विमान सगळ्यात शेवटी घेतो, म्हणशील. तेही जमत नाही. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची ना-हरकत मिळाली की डीजीसीए या नियामकाकडे प्रमाणपत्राचे पाच टप्पे असतात: प्राथमिक चर्चा, औपचारिक अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रात्यक्षिक व तपासणी, आणि मग प्रमाणपत्र. चौथ्या टप्प्यातल्या प्रूव्हिंग फ्लाइटला, म्हणजे परीक्षेच्या उड्डाणाला, विमान तुझ्याकडं असावंच लागतं. म्हणून ताबा तारखेला बांधू नको, तिसऱ्या टप्प्याला बांध. ऑपरेशन्स मॅन्युअल, एमईएल (कुठलं उपकरण बंद असतानाही उडता येतं त्याची यादी), देखभालीचं मॅन्युअल यांतल्या त्रुटी मिटेपर्यंत ताबा पुढं ढकलायची मुभा करारात लिहून घे, भाडं थोडं चढं पडलं तरी. पावसाआधीची धूळपेरणी फसली तर शेतकरी कर्ज काढून का होईना, दुबार पेरतो. तुला दुसऱ्यांदा बियाणं कोण देणार?

वैमानिकांचंही तेच. कॅप्टनला जुनी नोकरी सोडताना 12 महिन्यांची नोटीस, फर्स्ट ऑफिसरला 6. ड्युटीच्या तासांची मर्यादा, रजा, आजारपण धरलं तर दोन विमानांना साधारण 10 कॅप्टन आणि तितकेच फर्स्ट ऑफिसर लागतील. ते आले आणि विमान नसलं तर पगार जातो. विमान आलं आणि ते नसले तर भाडं जातं.

तू 20 कोटी भांडवल धरलंयस. 40,000 किलोपेक्षा हलक्या विमानांना, 5 विमानांपर्यंत, नियमातली ती किमान अट आहे. किमान अट म्हणजे बजेट नव्हे रे! छोटी शहरं जोडणाऱ्या सरकारी ‘उडान’ योजनेच्या व्यवहार्यता निधीवरही, म्हणजे तोटा भरून काढणाऱ्या मदतीवरही, भिस्त ठेवू नको. तो उडालेल्या फेऱ्यांवर मिळतो, तोही ठरलेल्या मुदतीपुरताच. जमिनीवरच्या महिन्यांना त्यातला रुपया येत नाही. 27 एप्रिल 2017 ला ट्रूजेटचं नांदेड–हैदराबाद विमान याच योजनेत सुरू झालं. ती कंपनी 2022 मध्ये थांबली.

मुंबईचा स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, लेखी हातात आल्याशिवाय मार्ग नकाशावर काढू नको. लातूरला इंधन भरता येईल का, तेही विचार. नसेल तर परतीचं इंधन मुंबईहूनच सोबत न्यावं लागेल, आणि तेवढ्या वजनापोटी काही खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागू शकतील.

तुला वाटेल, मी पाय ओढतोय. मराठवाड्याला विमान का हवं, हे तुला-मला एकमेकांना पटवायची गरज नाही. म्हणूनच मी हट्ट सोडत नाही. एअर केरळ या विमान कंपनीचं बघ. आखातातल्या मल्याळी माणसांसाठी केरळ सरकारनं ती मांडली, तेव्हा परदेशी उड्डाणाला 5 वर्षांचा अनुभव आणि 20 विमानं लागायची. योजना अडली, कागदावर राहिली. त्यातली 5 वर्षांची अट 2016 मध्ये गेली आणि 2024 मध्ये त्याच नावानं एका खाजगी कंपनीला ना-हरकत मिळाली. कागदावर थांबलेली योजना पुन्हा उठते. भाड्याचं विमान दारात उभं करून थांबलेली मी उठताना पाहिलेली नाही.

पुढच्या वेळी विमानाचं चित्र पाठवू नको, एक तक्ता पाठव. आडवे 24 महिने. उभे भाडं, अनामत, पगार, सिम्युलेटर, विमा, पार्किंग. उत्पन्नाचा रकाना शून्य. चौथा टप्पा 6 महिने लांबला असं धर, आणि पैसे कुठल्या महिन्यात संपतात त्या चौकोनावर पेनानं खूण कर.

वाट पाहतोय.