माणसाच्या रूपातला देव ओळखायचा कसा? : वाचकांच्या शंका

चातुर्मासात घरोघरी पोथ्या लागल्या की अवताराविषयीची पत्रे वाढतात. त्यांतली एकमेकांना लागून असलेली इथे एकत्र घेतली आहेत. अध्याय-श्लोकांचे क्रमांक गीता प्रेसच्या प्रतींप्रमाणे आहेत. तुमच्या प्रतीत एक-दोन श्लोकांचा फरक पडू शकतो.

गीतेत (9.11) भगवंत म्हणतात, मी मनुष्यदेह घेतला म्हणून मूढ लोक माझी अवज्ञा करतात. पण देह माणसाचा, तहानभूक माणसाची, तर लोकांनी ओळखायचे कशावरून? मग त्यांना मूढ का म्हणायचे? (वाचक, फोंडा)

तुमची तक्रार रास्त आहे, आणि तिचे निम्मे उत्तर गीतेने दोन अध्याय आधीच देऊन ठेवले आहे. 7.25 मध्ये भगवंत सांगतात, योगमायेने झाकलेला असल्यामुळे मी सगळ्यांना दिसत नाही. त्याच श्लोकात न ओळखणाऱ्या लोकांना ‘मूढ’ म्हटले आहे खरे, पण झाकण त्यांनीच घातलेले, तेव्हा न ओळखल्याचा सगळा दोष लोकांच्या माथी येत नाही.

अर्जुनाचेच पाहा. चौथ्या अध्यायात तो विचारतो, विवस्वान (सूर्य) तुझ्या कितीतरी आधीचा, त्याला तू हा योग सांगितलास हे मी कसे समजू? दहाव्यात तो कृष्णाला परब्रह्म म्हणतो, पण लगेच साक्षीदार उभे करतो: नारद, असित, देवल, व्यास असे सांगतात आणि तू स्वतःही सांगतोस. अकराव्यात विश्वरूप पाहायला दिव्य डोळे त्याला द्यावे लागतात. ते रूप दिसल्यावर त्याला काय आठवते? ‘अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या’ असे आपण बरोबरीने बोललो, जेवताखाताना, निजताबसताना थट्टा केली (11.41-42). इतका जवळचा माणूस, पण त्याला ओळख पटली नव्हती. त्याला कोणी मूढ म्हटलेले नाही.

आता शिशुपाल. राजसूय यज्ञात अग्रपूजेचा मान कृष्णाला द्यावा असे भीष्मांनी सुचवल्यावर त्याने हरकत घेतली: हा राजा नव्हे, वडीलधारा म्हणावा तर वसुदेव हजर आहे, आचार्य म्हणावा तर द्रोण आहेत, ऋत्विज (यज्ञ चालवणारा पुरोहित) म्हणावा तर व्यास आहेत. नीट वाचले तर यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण तो तिथे थांबला नाही. तो शिवीगाळीवर उतरला, आणि शंभर अपराध भरल्यावर त्याचे डोके उडाले. गीतेचा कटाक्ष आहे तो या हेटाळणीवर.

उत्तंक ऋषीची कथा (महाभारत, आश्वमेधिक पर्व) याच कामाची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. युद्ध थांबवले नाही म्हणून तो कृष्णाला शाप द्यायला निघाला होता. कृष्णाने समजूत घातली आणि विश्वरूपही दाखवले. वर दिला, की पाणी हवे असेल तेव्हा माझी आठवण काढ. पुढे मरुभूमीत तहानेने व्याकूळ झाल्यावर त्याने आठवण काढली, तर कुत्र्यांच्या घोळक्यात एक नागवा, चिखलाने माखलेला चांडाळ आला आणि त्याने पाणी पुढे केले. उत्तंकाने रागावून त्याला हाकलले. तो इंद्र होता आणि आणले होते ते अमृत. म्हणजे विश्वरूप पाहिलेला ऋषीसुद्धा पुढच्याच परीक्षेत नापास झाला, आणि तो झाला तुच्छतेपायी.

चमत्कार दिसला की ओळख पटते, हाही गैरसमज सोडावा. शिष्टाईच्या वेळी कौरवांच्या सभेत विश्वरूप प्रकटले. भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि ऋषी पाहू शकले. बाकीच्या राजांनी डोळे मिटले. दुर्योधनाने पुढे उलूकाकरवी निरोप काय पाठवला, तर सभेत मायेने जे रूप केले होतेस तेच घेऊन लढायला ये. जे पाहून विदुर हात जोडतो त्यालाच दुर्योधन जादू म्हणतो.

भगवंताची लक्षणे सांगितलेली आहेत. विष्णुपुराण (6.5.74) ऐश्वर्य, धर्म, यश, श्री, ज्ञान आणि वैराग्य ही सहा सांगते, तीही समग्र. पण कोणाचे ऐश्वर्य समग्र आहे हे मोजायला मोजणाराच त्याच्याहून मोठा लागेल. ही यादी स्तुती करताना म्हणायची, माणसे तपासायला ती उपयोगी नाही.

ज्ञानेश्वर महाराज गीतेच्या 9.11 या श्लोकाला आणखी एक वळण देतात. चुकीच्या ठिकाणी देव धरून बसणाऱ्यांचे दाखले ते एकामागून एक देतात: पाण्यात पडलेल्या चांदण्यांना रत्ने समजून झडप घालणारा हंस, गंगा समजून मृगजळाकडे गेलेला, कल्पतरू म्हणून बाभळीची सेवा करणारा. नाव नसलेल्याला नाव आणि देह नसलेल्याला देहधर्म चिकटवले, की हेच होते. म्हणजे ‘हा नुसता माणूस’ म्हणणारा चुकतोच, आणि ‘हा देह म्हणजेच देव’ म्हणून देहालाच कवटाळणाराही चुकतो.

आमच्या देवकीकृष्णाच्या देवळात नेहमी मनात येते, की कृष्ण जन्मताच देवकीला त्याचे चतुर्भुज दर्शन झाले होते. मग तिला कंसाची भीती का वाटली? (वाचक, माशेल)

भागवताच्या दशम स्कंधाचा तिसरा अध्याय सावकाश वाचा. देवकी आधी रीतसर स्तुती करते, काळालाही धाक घालणारा तू असे म्हणते, आणि त्याच दमात सांगते, तुझ्यामुळे मला कंसाची धास्ती वाटते, हे अलौकिक रूप आवर. ज्ञान आणि भीती एकाच बाईच्या मनात शेजारी शेजारी आहेत, आणि भागवतकारांना त्यात काही खटकत नाही. त्यावर भगवंत जे बोलतात ते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे: मागच्या जन्मांची आठवण व्हावी म्हणून हे रूप दाखवले, एरवी मनुष्याच्या आकारातून माझे ज्ञान होत नाही (10.3.44). पुढच्याच श्लोकात ते म्हणतात, मला मुलगा समजून माया करा किंवा ब्रह्म समजून चिंतन करा, दोन्हींनी माझ्याकडेच पोचाल. आणि आईबापांच्या देखत साधे तान्हे मूल होतात.

यशोदेचे याहून गमतीचे. तोंडात सगळे ब्रह्मांड दिसल्यावर (10.8) ती विचार करते: हे स्वप्न, की देवाची माया, की माझ्याच बुद्धीचा भ्रम? क्षणभर तिला खरे उमगते, लगेच वैष्णवी मायेने ते पुसले जाते आणि ती पोराला मांडीवर घेते. पुराणिकाने इथे यशोदेची कीव करू नये. पुसले गेले नसते तर तिने त्याला दावणीने उखळाला बांधले नसते!

तुमच्या गावची देवकी चोडणहून आलेली. केळोशीच्या कृष्णदास शामाने 1526 मध्ये दशम स्कंधावर मराठी ओव्या रचायला घेतल्या, तेव्हा ही कथा गोव्यात किती मुरलेली होती याची कल्पना येते.

परशुराम आणि राम दोघेही विष्णूचे अवतार. मग परशुरामाने रामाला ओळखले कसे नाही? (वाचक, पैंगीण)

परशुरामाचे देऊळ असलेल्या गावातून हा प्रश्न यावा हे साहजिक आहे. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात (सर्ग 74 ते 76) परशुराम वैष्णव धनुष्य पुढे करून रामाला आव्हान देतो. राम ते सहज चढवतो, परशुरामाचे तेज ओसरते, आणि मग तो म्हणतो, हे धनुष्य तू हाताळलेस त्यावरून कळले, तू मधुसूदन. त्यालाही खूण लागली. त्याहून पुढची गोष्ट युद्धकांडात आहे. ब्रह्मदेव रामाला त्याचे खरे स्वरूप सांगतात त्याआधी राम म्हणतो, मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा राम (6.117.11). याला कारण वराचे आहे: रावणाने देव, दानव, यक्ष यांच्यापासून अभय मागितले, माणसाला क्षुल्लक समजून वगळले. तेव्हा मारणाऱ्याने खरोखरच माणूस असणे भाग होते.

‘खरोखर’ म्हणजे किती, यावर मात्र आपल्याकडेच दोन उत्तरे मिळतील. कवळे मठाच्या अद्वैत परंपरेत शंकराचार्यांच्या गीताभाष्याला धरून सांगतात, की भगवान मायेने जणू देहधारी, जणू जन्मलेला असा दिसतो. पर्तगाळी मठाच्या माध्व (मध्वाचार्यांच्या) परंपरेत अवताराचा देह प्राकृत, म्हणजे साधा भौतिक, नसतोच, मूळ रूप आणि अवतार यांत भेद नाही. परशुराम आणि राम एकच, ही झटापट म्हणजे लीला. इतर काही वैष्णव आचार्य परशुरामाला आवेशावतार मानतात, म्हणजे जीवात काही काळ संचरलेली शक्ती; त्या मताने तुमचा प्रश्न लगेच सुटतो. घरच्या कीर्तनात कोणते उत्तर द्यायचे ते घरच्या मठावरून ठरवा, पण तिन्हींची खिचडी करू नका.

जत्रेत अवसर येतो तेव्हा आम्ही त्या माणसाला ‘देवा’ म्हणून हाक मारतो. हाही मनुष्यरूपातला देवच ना? (वाचक, डिचोली)

अवसर म्हणजे माणसाच्या अंगात देवाचा भार येणे; तो अवतार नव्हे. अवतारात जन्मापासून निजधामापर्यंत देव तोच असतो. अवसरात भार येतो आणि उतरतो. चतुर्थीला मातीच्या मूर्तीत आवाहन करतो, उत्तरपूजेच्या अक्षता टाकल्या की तीच मूर्ती विसर्जनाला मोकळी होते, तसेच हे. भार असेपर्यंतचा मान देवतेचा. तो उतरल्यावर त्या माणसाला पाणी द्या, बसवा आणि नावाने हाक मारा.

गडबड होते ती हद्द पुसल्यावर. नेमलेले स्थळ, नेमलेला दिवस, मानकरी आणि गावकरी समोर, ही जुनी चौकट उगीच नाही. एखाद्याला घरी, रात्री-बेरात्री, एका कुटुंबापुरता भार यायला लागला आणि तो जमिनीच्या वाटणीबद्दल किंवा सुनेबद्दल बोलू लागला, तर ते शब्द देवाचे म्हणून धरू नका. खुद्द देवाचा शब्द हवा असेल तर देवळात प्रसाद लावण्याची रीत आहेच: मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एका वेळी एकच प्रश्न आणि तोही हो-नाहीचा. उजवी पडली तर कौल, डावी पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत. त्या देवळाची रीत वेगळी असेल तर भटजींना विचारा. मनासारखे उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रसाद लावणे, ही नेहमीची चूक.

दशावतारी काल्यात कृष्ण झालेल्या नटाला नमस्कार करावा का, असे पेडण्याहून विचारले आहे. खुशाल करावा.

घरातील एक व्यक्ती एका हयात महाराजांना साक्षात अवतार मानते. शंका घेतली तर पाप लागेल, असे आम्हाला सांगतात. काय करावे? (वाचक, मडगाव)

पापाची भीती आधी काढून टाका. वर पाहिलेच की न ओळखण्याला कुठेही शिक्षा नाही. नमस्कार करा, उपमर्द करू नका, आणि अवतार मानायला नम्रपणे नकार द्या. शास्त्राच्या बाजूने एवढे पुरे आहे.

प्रश्न विचारणे तर गीतेनेच शिष्याच्या कामात धरले आहे (4.34). मुंडकोपनिषद (1.2.12) गुरूची दोनच लक्षणे सांगते: श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ. अवतार असण्याची अट त्यात नाही. प्रश्नोपनिषदात पिप्पलादाकडे सहा जिज्ञासू आले, तेव्हा त्याने त्यांना वर्षभर राहायला सांगितले आणि पुढे म्हटले, मग विचारा; आम्हाला माहीत असेल तर सांगू. ‘माहीत असेल तर’ म्हणणारा माणूस दिसला तर त्याच्याजवळ बसावे.

‘जो स्वतःला देव म्हणवतो तो खोटा’ असा सोपा नियम मात्र करू नका; कृष्ण स्वतःच अर्जुनाला सांगतो. फरक परिस्थितीत आहे. तो एकट्या मित्राला, रणांगणावर सांगतो, आणि शेवटी ‘तुला हवे तसे कर’ म्हणून मोकळे सोडतो (18.63). याउलट ‘मी ईश्वर, मी भोगी, मी बलवान’ हे बोल 16.14 मध्ये आसुरी माणसाच्या तोंडी आहेत. करूष देशाचा राजा पौंड्रक (भागवत 10.66) तर भोवतालच्या अजाणांनी ‘तूच वासुदेव’ म्हणून चढवल्यामुळेच फसला. शंख, चक्र, कौस्तुभ, गरुडाचा ध्वज असा सगळा सरंजाम करून त्याने खऱ्या कृष्णाला निरोप धाडला, माझी चिन्हे सोड आणि शरण ये. समोर आल्यावर रंगमंचावरच्या नटासारखे ते सोंग पाहून कृष्ण पोट धरून हसला.

आता व्यवहार. एक वर्षभर नुसते पाहा: जो काही देऊ शकत नाही त्याच्याशी महाराज कसे बोलतात, चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते की शिष्य मध्ये पडतात, पैशाची पावती आणि हिशेब मिळतो का, कोणी सोडून गेल्यावर त्याच्याबद्दल काय बोलतात. तोवर चार गोष्टी घरात ठरवून टाका. डॉक्टरची औषधे कोणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाहीत. घर, जमीन, दागिने यांच्या कागदावर सही नाही. बायका-मुलांनी एकांतात भेटायला जायचे नाही. देणगी महिन्याच्या खर्चातून उरेल तेवढीच. यातल्या एकाही गोष्टीला तिकडून विरोध झाला तर वर्ष संपायची वाट पाहू नका. फसवणूक झाली असेल तर सरळ पोलिसांत जा. आणि घरच्या माणसाशी ‘तुझे महाराज खोटे’ अशी सुरुवात करू नका, तो अधिकच घट्ट धरतो. हिशेबापासून सुरुवात करा.

हे सगळे मुळातून वाचायचे तर कोणत्या क्रमाने? (वाचक, म्हापसा)

एकदम विश्वरूपापासून सुरू करू नका. तिथे भव्यता एवढी आहे की आधीची अडचण लक्षातच येत नाही. प्रथम गीता 4.1 ते 4.9, मग 7.24-25 आणि 9.11, त्यावरच्या ज्ञानेश्वरीच्या ओव्यांसह, नंतर 10.12 ते 17 आणि शेवटी अकरावा अध्याय. पुढे भागवत दशम स्कंध: अध्याय 3, 8, 13-14 आणि 23. रोज एकच प्रसंग पुरे. तेविसाव्यावर दोन दिवस द्या. यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणांनी कृष्णासाठी अन्न मागायला आलेल्या गोपांना धड हो म्हटले नाही, धड नाही म्हटले नाही. त्यांच्या बायका मात्र अन्न घेऊन धावल्या. नंतर ब्राह्मणांना कळले, त्यांनी आपल्या विद्येचा धिक्कारही केला, आणि तरी कंसाच्या भीतीने दर्शनाला कोणीच गेले नाही.